सरपंच समुद्रात असल्याने

लालासाहेब विमानातून पडले तेव्हा मी त्याच विमानाचा नेव्हिगेटर होतो आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून भाजक्या शेंगा खात होतो. साल चौऱ्याहत्तर, महिना फेब्रुवारी, वेळ दुपारी साडेतीनची. गाव तांबवडी. कराडहून एस.टी.नं पाऊण तास. नदीच्या अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली.

मी तिथं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, म्हणून उरलेले सहा दिवस गाव मलाच डाक्टर म्हणायचं. नाव सिद्धार्थ, घरी सिद्धू, मूळचा मिरजेकडचा. आमच्या घरानं छप्पन्न साली धम्म घेतलेला. हे मी कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण आल्या आल्या चौथ्या दिवशी हॉटेलात माझा चहा वेगळ्या कपातून आला, तेव्हा सगळ्यांना कळलंय हे मला कळलं.

विमान नाथाजी तात्यांचं. तात्या हवाई दलातून अडुसष्ट साली निवृत्त होऊन आले होते. दुसऱ्या महायुद्धातली लिबरेटर नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं युद्धानंतर आपल्याकडं समुद्रावर गस्त घालायला वापरत. त्यातल्या एकावर तात्या फ्लाइट इंजिनियर होते. अकरा वर्षं पुण्याहून उडायचं, अरबी समुद्रावर दहा-दहा तास फिरायचं, पाण्यात शत्रूची पाणबुडी दिसते का बघायचं आणि परत यायचं.

"मग काय दिसलं, तात्या?" मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा विचारलं होतं.

"पानी," तात्या म्हणाले.

"अकरा वर्षं?"

"दोनदा देवमासा. एकदा एक गलबत, त्यात शेरडं हुती. बाकी पानी."

हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पण गावात आल्यावर त्यांना चैन पडेना. ऊस धाकट्या भावाच्या हवाली केला, आणि दोन वर्षं खपून त्यांनी तो खेळ तयार केला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी खळीनं एकमेकांना चिकटवून त्यावर समुद्र आखला, तेराशे चौकोनांचा. एका लांबलचक हजेरीपटात नियम लिहिले. सारीपाटाच्या सात कवड्या घेतल्या.

खेळ असा की, प्रत्येकानं विमानातला एक माणूस व्हायचं आणि तो माणूस काय करतो ते तोंडानं सांगायचं. समजा मी म्हणालो, "मी दुर्बिणीतून डावीकडं बघतो." तात्या मला कवड्या टाकायला लावणार, किती उताण्या पडल्या ते मोजणार, हजेरीपटात बघणार आणि मला काय दिसलं ते सांगणार. जिंकणं-हरणं काही नाही. विमान उडवायचं आणि सुखरूप परत आणायचं. मात्र याला खेळ म्हटलेलं तात्यांना चालत नसे. "आज फ्लाइंग हाय," एवढंच ते म्हणायचे.

फ्लाइंग व्हायचं बनुआक्कांच्या पिठाच्या गिरणीत. तात्यांचं म्हणणं, इंजिनाच्या आवाजाशिवाय माणसाच्या अंगात विमान येत नाही. गिरणी डिझेलवरची होती. ती सुरू झाली की पत्रा थरथरायचा, आमचं टेबल थरथरायचं, आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. तात्यांना ते इतकं पटलं की त्यांनी नियमच केला: विमान हवेत असताना गिरणी बंद पडली तर इंजिन बंद पडलं.

कोण काय होणार ते कवड्यांनी ठरलं, आणि कवड्यांना गावाची रीत ठाऊक नव्हती. गिरणीच्या मालकीण बनुआक्का पायलट झाल्या. गुंडा पैलवान, ज्याचे दोन्ही कान तालमीत मोडलेले आणि ज्याला अर्ध्या गोष्टी ऐकूच यायच्या नाहीत, तो वायरलेस ऑपरेटर झाला. मी नेव्हिगेटर. आणि गावचे सरपंच, साठ एकर उसाचे मालक, ज्यांना त्यांच्या वडिलांनीसुद्धा कधी 'बस' म्हणून सांगितलं नव्हतं, ते लालासाहेब शेपटीचे गनर झाले.

"शेपटीला कोन? मी?" ते म्हणाले होते.

"कवड्या पडल्या, सरपंच."

"परत टाका."

"सर्व्हिसमदी परत टाकत न्हाईत."

विमानात नावानं हाक मारायची नाही, फक्त हुद्द्यानं, असाही नियम होता. त्यामुळं लालासाहेबांना मला 'नेव्हिगेटर' म्हणावं लागे आणि बनुआक्कांना 'पायलट'. तात्यांचा थर्मास एकच होता आणि त्याला झाकणही एकच. पहिल्या दिवशी त्या झाकणातून मी चहा प्यायलो आणि ते पुढं लालासाहेबांच्या हातात गेलं. त्यांनी झाकणाकडं बघितलं. मग तात्यांकडं. तात्या हजेरीपटात काहीतरी लिहीत होते. गिरणी धडधडत होती. लालासाहेबांनी डोळे मिटून चहा प्यायला, जसं कडू औषध घ्यावं तसा. पुढच्या आठवड्यात डोळे उघडे ठेवून प्यायला. त्यापुढं मी लक्ष दिलं नाही.

दोन महिने आम्ही उडत होतो. दिसायचं पाणी. तात्यांनी कोष्टकं आपल्या अकरा वर्षांच्या वहीवरून केली होती, आणि त्या वहीत पाणबुडी नव्हती.

"एक तरी घाला की वो तात्या," गुंडा काकुळतीला यायचा. "लहान असली तरी चालंल."

"न्हवती, तर मी कुठनं आनू?"

आता तो दिवस. लालासाहेबांच्या तोंडात तंबाखू होती. त्यांना थुंकायचं होतं. ते उठून गिरणीच्या दारात जाऊ शकले असते, पण दोन महिन्यांत तेही मुरले होते. ते म्हणाले, "मी थुंकतो."

"विमानात?" तात्यांनी विचारलं.

"झडप उघडून भाईर थुंकतो."

तात्यांनी हजेरीपट उघडला. बनुआक्का टेबलापाशी बसून एका हातानं पीठ चाचपत होत्या, जाड येतंय की बारीक ते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "टेल गनर, पट्टा अडकवा."

"थुकायला पट्टा लागतो व्हय?"

"झडप उघडी हाय. पट्टा अडकवा."

"मला कोन सांगनार पट्टा अडकव म्हनून?"

"पायलट," बनुआक्का म्हणाल्या.

"न्हाई अडकवत जा."

"टाका कवड्या," तात्या म्हणाले.

लालासाहेबांनी टाकल्या. सातच्या सात उपड्या पडल्या. मी तोंडात घातलेली शेंग तशीच राहिली. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा मोजलं.

"पडलासा," ते म्हणाले.

"कोन?"

"तुमी. विमानातनं."

तात्यांनी त्यांना आणखी दोनदा कवड्या टाकायला लावल्या. पहिल्या वेळी पॅराशूट उघडलं. दुसऱ्या वेळी रबरी होडी फुगली. मग तात्यांनी दाराकडं बोट दाखवलं. "तुमी आता समुद्रात. विमानातल्यांशी बोलायचं न्हाई. भाईर बसा."

लालासाहेब ताडकन उठले. त्यांची मिशी हलत होती. "म्या न्हाई खेळत असला बायकी खेळ."

"जावा की," तात्या म्हणाले. "पर मग वहीत भगोडा लिहावं लागंल."

हा शब्द तांबवडीत हलक्या आवाजात बोलायचीही कुणाची हिंमत नव्हती. घरटी एक माणूस फौजेत. लालासाहेबांचे दोन भाऊ मराठा पलटणीत, एक चुलता ब्रह्मदेशात पडलेला. लढाई अर्ध्यावर टाकून पळालेला तो भगोडा, आणि तसं नाव वहीत चढलेला माणूस वेशीतून ताठ मानेनं जाऊ शकला नसता. लालासाहेब दारात मिनिटभर उभे राहिले. मग दळपाच्या ढिगातलं एक रिकामं गोणपाट उचललं, बाहेर खिडकीखाली अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

ते गोणपाट म्हणजे त्यांची होडी.

मला वाटलं होतं, संध्याकाळी हे संपेल. पण तात्यांनी त्यांना जाताना बजावलं, "समुद्रात सुट्टी नसती. होडीतनं उतारला त्यो बुडाला." लालासाहेब प्रत्येक गोष्ट खालच्या माणसाकडून करून घेणारे होते, पण एकदा मान्य केलेली गोष्ट अर्धी करणारे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते गोणपाट काखेत मारून गावातून फिरू लागले. जिथं बसायचं तिथं आधी ते अंथरायचं. पारावर, शेताच्या बांधावर, न्हाव्यासमोरसुद्धा. खायला होडीतला शिधा: सकाळी एक बिस्कीट, संध्याकाळी एक बिस्कीट, आणि मोजून सहा घोट पाणी. तंबाखू नाही, कारण ती भिजली असं तात्यांनी सांगितलं होतं.

आठव्या दिवशी नवा ग्रामसेवक सह्या घ्यायला गेला. तो शिरवळकडचा, नोकरीला लागून तीन आठवडे झालेला, अतिशय नेमका माणूस.

"साहेब, मासिक सभा आहे."

"मी समुद्रात हाय," लालासाहेब म्हणाले.

"कधी येणार?"

"सापडलो की."

ग्रामसेवकानं ते लिहून घेतलं. सभेच्या इतिवृत्तात त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, 'सरपंच समुद्रात असल्याने गैरहजर.' ते इतिवृत्त तालुक्याला गेलं. तिकडून दहा दिवसांनी पत्र आलं की, सरपंचांनी देशाबाहेर जाण्यापूर्वी परवानगी घेतली होती काय, आणि असल्यास तिची नक्कल सोबत जोडावी. ग्रामसेवक ते पत्र घेऊन माझ्याकडं आला.

"अरबी समुद्र देशाबाहेर धरायचा का, डॉक्टर?"

मी नकाशा बघून म्हणालो, "किती आत आहे त्यावर आहे. आणि तेच तर आम्हाला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. होडीची जागा तात्यांजवळच्या एका बंद डबीतल्या चिठ्ठीवर असायची. रोज प्रवाह होडीला दोन चौकोन पूर्वेकडं ढकलायचा. शिवाय होडीतल्या माणसाला हवं तर रोज दोन चौकोनांपर्यंत वल्हवता यायचं, कुठल्याही दिशेला. लालासाहेब रोज दुपारी खिडकीतून तात्यांच्या हातात चिठ्ठी द्यायचे, तात्या ती वाचायचे, डबीतली जागा बदलायचे आणि चेहरा भिंतीसारखा ठेवायचे.

आणि विमानाला, अकरा वर्षं आणि दोन महिन्यांनी, शोधायला काहीतरी मिळालं होतं. तात्या बदललेच. आधी ते टेकून बसायचे, आता उभं राहून फ्लाइंग घ्यायला लागले. गुडघे दुखतात हे विसरून.

हिशोब करायचं काम माझं. मी कराडला जाऊन इंजिनियरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठलं. रबरी होडीतला माणूस वल्हवत असेल तर बारा दिवसांत किती लांब जाईल, असं विचारलं. त्यांनी चहा मागवला, कागद घेतला, वारा विचारला, माणसाचं वजन विचारलं.

"वजन आधी शंभर किलो होतं. आता ब्याण्णव," मी म्हणालो.

ते थांबले. "आपण त्याला बघता?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग हिशोब पुरा करून दिला आणि दारापर्यंत सोडायला आले.

त्यांच्या हिशोबानं लालासाहेब पूर्वेला, किनाऱ्याच्या बाजूला कुठंतरी असायला हवे होते. आम्ही पूर्वेकडचा पट्टा चौकोन-चौकोन करून बघायला लागलो. एका फ्लाइंगला वीस चौकोन. त्याला पुरे दोन तास लागायचे, आणि दोन तास गिरणी चालू ठेवायची म्हणजे दोन तास पुरेल एवढं दळण पाहिजे.

गावानं दळण आणलं. सुरुवातीला ज्वारी, गहू. मग ज्यांच्या घरी पीठ होतं त्यांनीही आणलं, सरपंचांचा जीव आहे म्हणून. बायका दारात रांगेनं पाट्या घेऊन उभ्या राहायच्या आणि खिडकीखाली गोणपाटावर बसलेल्या लालासाहेबांना वळसा घालून जायच्या. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. समुद्रातल्या माणसाशी काय बोलणार?

"घावलं का सरपंच?" त्या आत येऊन विचारायच्या.

"अजून न्हाई. पाटी ठिवा."

तिसऱ्या आठवड्यात धान्य संपत आलं. विमान किनाऱ्यापासून तीनशे मैलांवर असताना चक्कीत शेवटची पायली पडली. बनुआक्कांच्या कपाळावर घाम. नदीपलीकडची एक बाई हळकुंडं घेऊन आली होती, कधी नव्हे ते.

"हळद चक्कीत?" गुंडा दचकला. "आक्का, वास जायचा न्हाई!"

"विमान पडायला लागलंय आन तुला वासाचं पडलंय," बनुआक्का म्हणाल्या आणि हळकुंडं ओतली. विमान परत आलं. पुढं चार दिवस गावातली प्रत्येक भाकरी पिवळी होती आणि कुणी तक्रार केली नाही.

पण लालासाहेब काही सापडत नव्हते. एकोणतिसाव्या दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न झालं. ते मांडवात गोणपाटावर बसले, समोर पंगत बसली, जिलेब्या वाढल्या गेल्या आणि त्यांनी खिशातून बिस्कीट काढून खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको शालूबाई गिरणीत आली. आम्ही नुकतंच उड्डाण केलं होतं. पदर खोचलेला, आवाज गिरणीच्याही वर.

"आवं तात्या, माजा नवरा मला परत द्या!"

"दिसला की देतो, वैनी."

"त्यो काय, खिडकीत बसलाय!"

"त्यो भाईरला," तात्या शांतपणे म्हणाले. "आतला अजून दिसला न्हाई."

मला वाटलं, आता ही बाई टेबल उलथणार. पण त्या टेबलावरच्या तेराशे चौकोनांकडं बघत राहिल्या. आम्ही बघून झालेल्या चौकोनांवर खडूनं फुल्या मारल्या होत्या. सगळी पूर्व पांढरी झाली होती.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. इथं पडले, इकडं प्रवाह, इकडं किनारा, म्हणून इकडं शोधतोय.

"कशावरनं इकडं?"

"माणूस घराकडंच येणार ना, वहिनी."

शालूबाई हसल्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराचं ते हसणं होतं.

"डाक्टर, तुमचं लगीन झालंय?"

"नाही."

"तरीच." त्या शेपटीच्या गनरच्या रिकाम्या जागेवर बसल्या. "ह्यो मानूस घराकडं कवा आपनहून आलाय? रानात गेला तर जेवायला तीनदा सांगावा धाडाय लागतो. आन त्यात ह्यो रुसून पडलाय. जितं पडला तितंच गुमान बसला आसंल. तुमचं पानी त्याला इकडं ढकलत आसंल तर त्यो वल्हं मारून माघारी जात आसंल. पर हलायचा न्हाई."

मी तात्यांकडं बघितलं. तात्या छताकडं बघत होते.

"पायलट," मी म्हणालो, "पडलेल्या जागेवर परत जाऊ. आणि खाली उतरून बघू, पाचशे फुटांवर."

आम्ही रोज जाताना त्याच चौकोनावरून जायचो, पण उंचावरून, घाईत. बनुआक्कांनी विमान वळवलं. शालूबाईंना तात्यांनी विचारलं, "टेल गनर, तुमी काय करताय?"

"मी बघती."

"कुठं?"

"खाली. दुसरं कुठं?"

"टाका."

खाली उतरल्यावर दिसायला तीन उताण्या लागत होत्या. शालूबाईंनी कवड्या तांदूळ पाखडावे तशा हातात खेळवल्या आणि टाकल्या. पाच उताण्या. तात्यांनी मोजल्या.

"पिवळी होडी," ते म्हणाले. "त्यात एक मानूस. जिता हाय."

गुंडानं टेबलावर अशी थाप मारली की अरबी समुद्र फाटला. दारातल्या बायकांनी गलका केला. तात्या वहीत लिहायला बसले, पण बराच वेळ त्यांना पेन्सिल सापडेना. ती त्यांच्या कानावर होती. मी काढून हातात दिली तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

खिडकीबाहेर लालासाहेब उठून उभे राहिले होते. "आता येऊ?"

"थांबा," तात्या डोळे पुसत म्हणाले. "हे विमान पान्यावर उतरत न्हाई."

गुंडानं फाटलेल्या समुद्रावरचा हात काढून घेतला.

"मंग?" शालूबाईंनी विचारलं.

"जहाज बोलवाय लागंल. मुंबईहनं. न्हाई म्हटलं तरी पाच दिस."

जहाजाचे नियम तात्यांनी एका रात्रीत लिहिले. जहाज म्हणजे यल्लाप्पाचं गुऱ्हाळ. तिथंही डिझेलचं इंजिन होतं आणि वाफही होती. यल्लाप्पा सीमेकडचा, अर्धं कानडी बोलणारा, त्यानं कप्तान व्हायला एका अटीवर होकार दिला की त्याला मधे कुणी शिकवू नये. गुंडा वायरलेसवरून, म्हणजे सायकलवरून, गिरणीतून गुऱ्हाळात ठावठिकाणा पोचवायचा. पहिल्या दिवशी त्यानं 'चौदा'चं 'चाळीस' ऐकलं, आणि जहाज मस्कतच्या दिशेनं निघालं. दुसऱ्या दिवशी बनुआक्कांनी आकडा त्याच्या मनगटावर शाईनं लिहून दिला. सहाव्या दिवशी यल्लाप्पानं लालासाहेबांना जहाजावर घेतलं आणि काहिलीतला गरम काकवीचा वाडगा त्यांच्या हातात ठेवला.

"कुडी, सरपंच," तो म्हणाला. पी, म्हणाला.

लालासाहेब प्यायले. मग तिथंच चिपाडाच्या ढिगावर दोन तास झोपले.

खरं तर इथं संपायला हवं होतं. गुऱ्हाळापासून त्यांचा वाडा दोनशे पावलांवर. पण लालासाहेबच म्हणाले की, जहाज मुंबईला लागणार, तिथून माणूस रेल्वेनं कराडला येणार, तिथून एस.टी. ते मुंबईहून येऊ शकत नव्हते, पण निदान कराडहून तरी नीट येणार. आणि तात्यांच्या हजेरीपटाप्रमाणं वाचलेल्या माणसाबरोबर विमानातला एक जण द्यावा लागतो. तो मी.

आम्ही सकाळच्या गाडीनं कराडला गेलो आणि स्टेशनच्या बाकावर मुंबईहून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो. लालासाहेब हडकले होते. कोट खांद्यावरून ओघळत होता. त्यांनी दोन चहा सांगितले, दोन्ही कप सारखेच, आणि एक माझ्या हातात दिला.

"डाक्टर, एक सांगू? पायलटला बोलायचं न्हाई."

"नाही बोलत."

त्यांनी कोटाच्या खिशातून तीन दुमडलेल्या चिठ्ठ्या काढल्या. तात्यांच्या अक्षरात तिन्हींवर लिहिलं होतं, 'धुराचं नळकांडं. पेटवल्यास विमानास नक्की दिसते.'

"पयल्या दिवशीच दिलं हुतं तात्यांनी. होडीत असत्यात म्हनं."

"मग पेटवलं का नाही? आम्ही रोज तुमच्या डोक्यावरून जात होतो."

"म्हाईत हाय की. रोज आवाज यायचा."

"सरपंच, अख्ख्या गावानं पिवळी भाकरी खाल्ली!"

"व्हय." ते ओशाळले, पण फारसे नाही. "पयलं दोन दिस रागानं न्हाई पेटवलं. तिसऱ्या दिशी पेटवनार हुतो. काडी काढलीवती, म्हंजे चिठ्ठी. तेवड्यात ध्यानात आलं, सकाळधरनं माझ्याकडं कोन आलंच न्हाई. पान्याची पाळी न्हाई, बांधाचं भांडान न्हाई, कुनाची बदली न्हाई, सोसायटीचा अर्ज न्हाई. वीस वरसांत असं झालं नव्हतं बगा. सगळी वळसा घालून जात हुती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लय शांत हाय तिकडं."

"आणि वल्हवणं?"

"रोज दोन चौकोन माघारी. लय मेहनत पडली."

गाडी आली. लालासाहेब उठले, उतरणाऱ्या लोकांत मिसळले, आणि त्यांच्याबरोबर फलाटावरून चालत माझ्याकडं परत आले, जणू आत्ताच उतरले. मी नियमाप्रमाणं त्यांचा हात हातात घेतला. त्या तिन्ही चिठ्ठ्या त्यांनी फाडून चहावाल्याच्या शेगडीत टाकल्या. थोडा धूर झाला.

तांबवडीच्या फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा बाहेर ताशा वाजत होता. खिडकीतून दिसत होतं: सगळा गाव, पुढं शालूबाई आरतीचं ताट घेऊन, आणि त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं हातात अर्ज, सातबारे आणि कसली कसली कागदं घेऊन ताटकळलेली. कंडक्टरनं दार उघडलं. लालासाहेब जागचे हलले नाहीत.

"चला, सरपंच," मी म्हणालो.

"ही गाडी फुडं कुठं जाती?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"शेवटचा थांबा हाय हा," कंडक्टर म्हणाला. "उतरा."